पेटिफरची फार्दिंगं

हॅडनबरी, ३ मार्च १६६८

अँब्रोझ पेटिफर यांस,

तुम्ही लंडनला वॉपिंगमध्ये एका दोरखंडवाल्या विधवेकडे राहता, हे मला कळलं आहे. कुणी सांगितलं ते विचारू नका. परत या असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही. चार महिने झाले, रडून झालं, आता काम आहे.

काम एवढंच, की आपल्या गावच्या कुणाच्या नजरेस पडू नका. पडलातच, तर सोबतचा कागद आधी पाठ करून ठेवा. ते तुमचं पत्र आहे. गेल्या गुरुवारी तुम्ही मला पाठवलंत आणि मी ते भर बाजाराच्या दिवशी दुकानात वाचून दाखवलं. त्यात तुम्ही म्हणता, की आग लागल्यापासून लंडन नव्याने बांधताहेत, मजुरांना पहाटेपासून उजेड लागतो, आणि एका बड्या ठेकेदाराने तुम्हाला मेणबत्त्यांचं काम दिलं आहे. काम संपलं की येता. बरं पत्र झालंय. ऐकणारे म्हणाले, अँब्रोझ शहरात जाऊन बोलायला शिकला.

खोटं का बोलले ते तुम्हाला कळायला हवं, पण तुम्ही विसरलेले दिसता, म्हणून सांगते. राजा पेनीच्या खालचं नाणं पाडत नाही. एका मेणबत्तीला, मूठभर मिठाला, धाग्याच्या रिळाला लोकांनी द्यायचं काय? म्हणून चार वर्षांपूर्वी तुम्ही लंडनहून आपली तांब्याची फार्दिंगं, पाव पेनीची नाणी, पाडून आणलीत. एका बाजूला काठीवर टांगलेल्या मेणबत्त्या. दुसऱ्या बाजूला वर पेटिफरचा पी, खाली डावीकडे तुमचा ए, उजवीकडे माझा टी. तुम्ही ती पिशवी ओट्यावर ओतलीत तेव्हा मी अर्धा दिवस हातातच घेऊन बसले होते. नंतर आणखी दोनदा आणलीत. आज ती गावातल्या प्रत्येक खिशात आहेत. पाववाला घेतो, लेस विणणाऱ्या बायका घेतात, चर्चच्या दानपेटीतही पडतात. का घेतात? अँब्रोझ पेटिफर मागितल्यावर चांदी देतो, म्हणून.

तो पळाला असं एकदा बाजारात फुटलं, तर सगळं गाव एकाच सकाळी दाराशी येईल. पेटीत त्याच्या निम्मीही चांदी नाही. तुम्ही जाताना काय नेलंत ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही मेला असतात तर मी विधवा म्हणून स्वतःच्या नावाची पाटी लावली असती. पण तुम्ही जिवंत आहात आणि इथे नाही. अशा बाईसाठी कायद्यात काहीच नाही. दुकान तुमचं, कढई तुमची, कढईतली मेणबत्त्यांची चरबीही तुमची. मी फक्त ढवळते.

तुमच्या आईंना काही कळलेलं नाही. त्यांना वाचता येत नाही, हे बरंच आहे.

थॉमसिन पेटिफर


हॅडनबरी, २० जून १६६८

तुमचं उत्तर पोचलं. तीन ओळी, त्यातल्या दोन पैशांबद्दल. तीस शिलिंग पाठवले नाहीत तर ऑगस्टच्या जत्रेला येऊन खानावळीच्या दारात बसून पिईन, असं लिहिता. पाठवते आहे. गाडीवान हम्फ्री लव्हेल आणून देईल. त्याला माहीत आहे, कारण तुम्हाला वॉपिंगला पाहिलं ते त्यानेच. गप्प राहणारा माणूस आहे.

सोबत तुमची एप्रिल आणि मे महिन्यांची पत्रं आहेत. वाचून ठेवा. मे महिन्यात तुम्हाला ताप आला होता.

समोरचा किराणावाला टस्टिन परवा आला. त्याला आपलं दुकान हवंय, ते तुम्ही असतानाही हवं होतं. ओट्यावर आपल्या फार्दिंगांचा ढीग ओतला.

"पेटिफरबाई, ही चाळीस आहेत. चांदी द्या."

"देते. बसा." मी एकेक मोजून घेतलं. लोक बघत होते, म्हणून सावकाश मोजलं. दहा पेनी त्याच्या हातावर ठेवल्या.

"अँब्रोझ कधी येतोय?"

"लंडन बांधून झालं की."

"सगळं?"

"निदान आमच्या मेणबत्त्या लागतील तेवढं."

लोक हसले. तोही हसला, पण जाताना दारात थांबून म्हणाला, "मोठी हुशार बायको मिळाली त्याला. तिला सोडून गडी इतके दिवस राहतो तरी कसा?"

तो गेल्यावर मी कढईशी जाऊन उभी राहिले आणि वातींची एकच काठी पाच वेळा जास्त बुडवली. त्या मेणबत्त्या मनगटाएवढ्या झाल्या. विकल्या नाहीत, घरात जाळल्या.

आता मी कुठे जाऊ शकत नाही. बहीण आजारी आहे, बॅनबरी काही लांब नाही, पण दुकान एक दिवस बंद ठेवलं तरी लोक दार वाजवतील, आणि दार उघडलं नाही तर काय समजतील? कालपासून खोकला आहे, तरी ओट्याशी उभी आहे. तुमचं नाव तिथे उभं आहे असं समजा.

थॉमसिन


हॅडनबरी, ११ ऑक्टोबर १६६९

यंदा तुमची सहा पत्रं आली. नकला जोडल्या आहेत. सप्टेंबरच्या पत्रात तुम्ही चर्चच्या घंटेसाठी पाच शिलिंग देऊ केलेत. द्यावे लागले. पाद्रीबुवांनी तुमचं नाव घेऊन प्रार्थना केली.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. तुमच्या आईंना माहीत आहे.

सप्टेंबरचं पत्र वाचून झालं, गिऱ्हाइकं गेली. आई वाटाणे सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, पुढच्या पत्रात माझ्या दाताचं विचारू नकोस."

मी म्हटलं, "मी कुठे विचारते, तेच विचारतात."

"अगं, त्याला मी नऊ महिने पोटात आणि सव्वीस वर्षं घरात सांभाळलं. माझा दात दुखतो का, हे त्याने कधी विचारलं? पहिल्याच पत्रात विचारलंन, तेव्हाच ओळखलं."

"मग दीड वर्ष गप्प का राहिलात?"

"ऐकायला बरं वाटत होतं." आणि वाटाणे सोलायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्याचा बापही असाच होता. पण तो घरात बसून असायचा. घरात असून काही बरं होतं असं नाही."

तेव्हापासून आम्ही दोघी मिळून तुमची पत्रं लिहितो. आई सांगतात, मी लिहिते. त्यांच्या मुलाने काय लिहायला हवं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. कधी कधी मध्येच थांबतात आणि मला शेवट करायला सांगतात.

मागचं फाटक मोडलं होतं, तुम्ही गेलात त्याच्याही आधीपासून. लव्हेलने बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत, जेवून गेला.

थॉमसिन


हॅडनबरी, ६ फेब्रुवारी १६७१

लव्हेलचं नाव प्रत्येक पत्रात का येतं, असं विचारता. तो दर आठवड्याला लंडनला जातो आणि तुमचे पैसे तोच आणून देतो, म्हणून येतं. यापुढे लिहिणार नाही.

पैसे या वेळी वीसच आहेत. चरबी महागली आहे. माझ्या हातात तुम्ही कल्पना करता तेवढं काही उरत नाही. मी पेटीत हळूहळू चांदी साठवते आहे, ती माझी नाही आणि तुमचीही नाही. प्रत्येक फार्दिंगामागे तेवढी चांदी जमली, की झोप लागेल असं वाटतं. अजून तिसरा भाग कमी आहे.

तुम्ही विचारलंच आहे, तर खरं सांगून टाकते. त्याने मला विचारलं. नाताळानंतर, घोडा बांधता बांधता, माझ्याकडे न बघता.

"माझी बहीण लांब राहते, तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. गाठोडं बांधा, चला."

"कोण म्हणून येऊ?"

"ज्या कुणी आहात त्या म्हणून."

"हम्फ्री, त्या लेसवाल्या बायकांच्या खिशात माझं अक्षर आहे. आठवड्याची मजुरी आहे ती त्यांची. मी गेले की दुसऱ्या दिवशी तिची नुसती चकती होते."

"आणि तुम्ही इथेच कढईत संपलात, तर?"

तो घोड्याची पाठ घासत राहिला. दुसऱ्या आठवड्यात नेहमीसारखा आला, नेहमीसारखा जेवला. तुमच्यापासून लपवण्यासारखं याहून जास्त काही झालेलं नाही. झालं नाही याचं श्रेय तुम्हाला नको आणि मलाही नको.

थॉमसिन


हॅडनबरी, १२ मे १६७२

येऊ नका.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दोरखंडवाली बाई वारली, तिच्या मुलांनी तुम्हाला बाहेर काढलं, त्याचं मला वाईट वाटतं. पण तुम्ही पुढे लिहिता, की सगळ्या नकला जपून ठेवल्यात, हॅडनबरीत आपल्याला किती मान आहे ते त्यावरून समजलं, आणि पेटीही भरत आली असावी.

तुम्ही ज्याच्याबद्दल वाचलंत तो माणूस आई आणि मी स्वयंपाकघरात बसून केला. त्याने घंटेला पैसे दिले, कूपरच्या पोरीच्या बारशाला चांदीचा चमचा पाठवला, तुरुंगातल्या एका कर्जदाराला सोडवलं. त्याला गाव ओळखतं. तुम्हाला ओळखत नाही.

चाळीस शिलिंग पाठवते. पन्नास पाठवीन. पण येऊ नका.

थॉमसिन


९ नोव्हेंबर १६७२

अँब्रोझ,

या पत्रावर गावाचं नाव नाही, ते शोधत बसू नकोस. बॅनबरीहून घरी परतलास तेव्हा काय झालं होतं हे तुला गावाने सांगितलं असेल, पण माझ्या तोंडून ऐकलेलं नाहीस. तेवढं तुझं माझ्याकडे राहिलं आहे.

जूनच्या पहिल्या गुरुवारी तू आलास. नवी टोपी घालून, बाजार भरलेला असताना. लोकांनी तुला मिठ्या मारल्या. कूपरने चमच्याबद्दल आभार मानले आणि तू म्हणालास, "अरे, त्यात काय." एकही गोष्ट चुकला नाहीस. तुझ्या तापाची आठवण कुणी काढली, तर तू मला माहीत नसलेलं औषधही सांगितलंस. मी ओट्यामागे उभी होते आणि काही बोलू शकत नव्हते, कारण प्रत्येक शब्द माझाच होता.

संध्याकाळी तू हात पुढे केलास आणि मी कमरेची किल्ली काढून दिली. दुसरं काय करणार होते? लव्हेलने गाडीवरून पाहिलं आणि जनावर हाकललं. तू म्हणालास, "हा गाडीवान आता आपल्याकडे नको."

अडीच महिने मी तुझ्या घरात राहिले. त्याबद्दल काही लिहीत नाही.

ऑगस्टात दवंडीवाल्याने बाजाराच्या खांबाशी हुकूम वाचला. राजाने स्वतःची तांब्याची फार्दिंगं काढली आहेत, यापुढे दुकानदारांची बंद, चालवील त्याला शिक्षा. मला वाटलं होतं त्या दिवशी मला भीती वाटेल. मला मोकळं वाटलं. पेटीत आता पुरेशी चांदी होती. देऊन टाकायची आणि संपलं. आणि तू जेवताना हसायला लागलास.

"सुटलो की. राजानेच बंद केली, आता ते नुसते तांब्याचे तुकडे. कोण कशाला देतंय?"

"लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून घेतलीत."

"माझ्यावर ठेवून. आणि मी म्हणतो, नाही."

दुसऱ्या सकाळी ज्यूडिथ मॅबट आली. लेस विणून डोळे गेलेत तिचे. अकरा फार्दिंगं रुमालात बांधून आणली होती. तू फळी अर्धीच उघडलीस. "आता राजाकडे जा, आजी," म्हणालास, आणि फळी लावून घेतलीस. ती बराच वेळ तिथेच उभी होती. तिला वाटलं तू चांदी आणायला आत गेलास. तिच्या ओळखीचा अँब्रोझ तसाच होता ना.

मी आत येऊन बसले. आईंनी माझ्याकडे बघितलं आणि उठल्या. तुला म्हणाल्या, "बॅनबरीच्या मामाचा निरोप आलाय. गेला बिचारा. मूलबाळ नाही, तुझ्या नावाने काहीतरी ठेवलंय म्हणे."

तुझा मामा चार वर्षांपूर्वी वारला. तू तेव्हा वॉपिंगला होतास, म्हणून तुला माहीत नव्हतं. तू लगेच घोडा मागवलास.

किल्ली घेऊन गेलास. पण त्या पेटीला तुझ्या वडिलांनी दोन किल्ल्या करून घेतल्या होत्या. दुसरी आईंकडे होती, झग्याच्या आत दोरीला. तू कोपऱ्यावरून वळलास तशी त्यांनी ती काढून माझ्या मांडीवर टाकली. "उघड. आणि त्या ज्यूडिथला आधी बोलाव."

दोन दिवस चांदी देत होते. रांग चर्चच्या भिंतीपर्यंत होती. चाराला एक पेनी, वर एक-दोन उरली तर तेवढ्याच्या मेणबत्त्या. लोकांनी मोज्यातून काढली, पिठाच्या मडक्यातून काढली. एकाने एक गळ्यात घातलं होतं, भोक पाडलेलं. तेही घेतलं. आई माझ्या शेजारी बसून परत आलेलं तांबं टोपात टाकत होत्या. कुणी विचारलं अँब्रोझ कुठे, की म्हणायच्या, "मामाच्या मयताला." शुक्रवारी दुपारी टस्टिन आला. गोणच घेऊन आला, उरलेली सगळ्यांत जास्त त्याच्याकडे होती, जमवून ठेवली होती त्याने. मी मोजली. पेटीचा तळ दिसत होता. त्याच्या हातावर शेवटचा शिलिंग ठेवला तेव्हा पेटीत चार राहिले. तो उभाच राहिला. मग टोपी काढून म्हणाला, "पेटिफरबाई, मला वाटलं होतं तुमच्याकडे नसतील." मी म्हटलं, "मलाही वाटलं होतं." तो टोपी हातातच धरून गेला.

ते चार शिलिंग तुझ्यासाठी ठेवले. टोपभर तांबं आहे, कासार वजनावर घेईल. मी चोरी केली असं न्यायाधीशाला सांगितलंस, तर सांग. तुझे पैसे तुझ्याच नावाच्या नाण्यांवर गेले.

शनिवारी सकाळी लव्हेलची गाडी मागच्या फाटकाशी आली. मी एक गाठोडं घेतलं. आई दारात उभ्या होत्या. मी आशीर्वाद घ्यायला वाकले, तर म्हणाल्या, "वाकतेस काय, मला हात दे. चढायला उंच आहे ते."

"आई, तो तुमचा मुलगा आहे. घर तुमचं आहे."

"म्हणूनच त्याला ठेवून जातेय. हात दे."

गाव संपेपर्यंत त्या मागे वळून बघत होत्या. नंतर झोपल्या.

इथे मी हम्फ्रीची चुलत बहीण आहे. लग्न होऊ शकत नाही, तू आहेस तोवर. दार वाजलं की मी हातातलं काम ठेवून उभी राहते. तू आलास तर कायदा तुझ्या बाजूने आहे, मला पायी चालवत नेशील, आणि गाव बघत राहील. हे मला रोज सकाळी आठवतं. तरी झोप लागते.

थॉमसिन


३० एप्रिल १६७३

अँब्रोझ,

तुझं उत्तर आलं नाही. हॅडनबरीच्या दुकानावर टस्टिनची पाटी आहे आणि तू लंडनला गेलास की जहाजावर, कुणालाच माहीत नाही, असं हम्फ्री सांगतो. हम्फ्री तुला पैसे द्यायचा त्या वॉपिंगच्या खानावळीत हे पत्र ठेवायला देते आहे. मिळालं तर मिळालं.

तुझ्या आई गेल्या. फेब्रुवारीत छातीत कफ झाला, नऊ दिवस होत्या. शेवटच्या दिवसांत तुझ्या पत्राचं विचारायच्या. मी म्हटलं, लिहू का एक? म्हणाल्या, "नको. आता कुणी ऐकायला नाही." मग माझा हात धरून ठेवला, तो सोडवून घ्यायला मला दुसऱ्या दिवशी हम्फ्रीची मदत लागली.

पुरायच्या दिवशी इथल्या चर्चचा कारकून नोंदवही उघडून बसला. नाव विचारलं, वय विचारलं. मग लेखणी थांबवून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

सून म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न मला ठाऊक होता: नवरा कुठे? हम्फ्री दाराशी उभा होता. बाहेर खड्डा खणणाऱ्या माणसाचं फावडं दगडावर आपटत होतं.

"मुलगी," मी म्हटलं.

"नाव?"

मी माझं सांगितलं. त्याने आणखी काही विचारलं नाही, लिहिलं, शाईवर वाळू भुरभुरली आणि वही मिटली. आम्ही बाहेर आलो तेव्हा खड्डा तयार होता.

थॉमसिन